होम लोन आधी फेडायचं की पैसे गुंतवायचे?

आजचा प्रश्न असा आहे, जो आमच्या कुसगावात पुणे लोकलने ऑफिसला जाणारी पोरं रोज एकमेकांना विचारतात. हातात चार-पाच लाख रुपये साठलेत, डोक्यावर होम लोन आहे. ते पैसे कर्जात भरायचे की एसआयपीत टाकायचे? घरात विचारलं तर वडील म्हणतात, "आधी कर्ज फेड, मग बाकीचं बघ." इन्स्टावर विचारलं तर कुणीतरी म्हणतं, "कर्ज आठ टक्के, मार्केट बारा टक्के, फेडतोस कशाला?" दोघंही अर्धं बरोबर बोलतात. राहिलेलं अर्धं आज आपण बघू.

आधी साधं गणित. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं, ८ टक्के व्याज. ईएमआय येतो साधारण २५,०९३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २०,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं फक्त ५,०९३ रुपयांनी. वीस वर्षांत आपण एकूण साठ लाखांच्या वर भरतो. म्हणजे एक घर आपलं आणि जवळजवळ तेवढंच दुसरं बँकेचं.

आता यात सुरुवातीलाच एक लाख जास्तीचे भरले आणि ईएमआय तोच ठेवला, तर कर्ज साधारण साडेअठरा महिने आधी संपतं. भरलेला लाख वजा करूनही साडेतीन लाखांच्या वर व्याज वाचतं. रीलवर हाच आकडा दाखवतात: "एक लाख भरा, साडेतीन लाख वाचवा!" आकडा खरा आहे, पण त्यात जादू काही नाही. तोच एक लाख कुठेतरी ८ टक्क्यांनी वीस वर्षं ठेवला असता, तर त्याचे जवळपास ४ लाख ९३ हजार झाले असते. सगळी करामत काळाची आहे. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रीपेमेंटचा परतावा म्हणजे तुमच्या कर्जाचा व्याजदर. त्याहून जास्त नाही, कमीही नाही. फक्त तो पक्का आहे आणि त्यावर कर लागत नाही.

एकदा हे कळलं की तुलना सोपी होते. ८ टक्के, पक्के, करमुक्त. याच्यासमोर काय काय उभं राहतं?

एफडी घ्या. समजा साडेसहा टक्के मिळतात. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर कर कापून हातात साडेचारच्या आसपास राहतात. बँकेला आठ देऊन तिच्याकडूनच साडेचार घेणं, हा उलटा धंदा झाला. तरी कितीतरी घरांत मोठी एफडी आणि मोठं कर्ज शेजारी शेजारी नांदतात. पीपीएफ करमुक्त आहे, पण एप्रिल २०२० पासून दर ७.१ टक्के आणि मुदत १५ वर्षं. ईपीएफचा दर मात्र २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ८.२५ टक्के होता, म्हणजे तो कर्जाच्या बरोबरीने चालतो. पगारातून व्हीपीएफ वाढवायचा विचार करत असाल तर तो वाईट पर्याय नाही. फक्त वर्षाला अडीच लाखांच्या वर स्वतःचं योगदान गेलं की वरच्या भागाच्या व्याजावर कर लागतो.

राहिला शेअर बाजार. लांब पल्ल्यात इक्विटी फंड आठच्या वर जाऊ शकतात, हे मान्य. वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, तो धरूनही जाऊ शकतात. पण "बारा टक्के" हा दर कुणी लिहून देत नाही. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या घरात होता आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ८,००० च्या खाली जाऊन आला. तो जुना उच्चांक मागे टाकून पुढे सरकायला २०१४ उजाडलं. मार्च २०२० मध्ये तर एकाच दिवसात बाजार १३ टक्के पडला. अशा वेळी ज्याने एसआयपी चालू ठेवली त्याला फळ मिळालं. ज्याची नोकरी गेली आणि ईएमआय भरायला फंड विकावे लागले, त्याला तोटाच झाला. बाजार दोघांसाठी एकच होता. फरक होता बाजूला ठेवलेल्या रोख पैशांचा.

आणि खरा मुद्दा इथेच आहे. कर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. समजा मार्चमध्ये तुम्ही सगळे पाच लाख भरून टाकले आणि जूनमध्ये कंपनीने "रिस्ट्रक्चरिंग"चा मेल पाठवला. बँकेला फोन करून "मी मार्चमध्ये पाच लाख भरलेत, आता चार महिने थांबा" असं म्हणता येत नाही. पुढच्या महिन्याचा ईएमआय त्याच तारखेला लागतो. आयटीत काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून आधी ईएमआय धरून सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला. घरात कमावणारे तुम्ही एकटेच असाल तर नऊ महिन्यांचा. या पैशावर परतावा कमी मिळतो, तो मिळू द्या. हा पैसा कमवायला नाही, घर वाचवायला ठेवलाय.

दोन्ही साधायचं असेल तर होम लोन ओव्हरड्राफ्ट नावाचा प्रकार असतो. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं एक. जास्तीचे पैसे त्या खात्यात ठेवले की तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की काढता येतात. दर थोडा जास्त असू शकतो, म्हणून आपल्याकडे किती पैसे पडून राहणार आहेत ते पाहूनच घ्या.

आता कराचं बघू. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्या भागापुरतं ८ टक्क्यांचं कर्ज साडेपाचच्या आसपास पडतं आणि मग प्रीपेमेंटची घाई कमी होते. पण नव्या प्रणालीत राहत्या घराला ही वजावट नाही. आपल्यातले बरेच जण आता नव्या प्रणालीत आहेत. तिथे आठ म्हणजे आठच. "टॅक्ससाठी लोन ठेव" हा काकांचा सल्ला त्यांच्या काळात बरोबर होता. तुमच्या फॉर्म १६ वर कोणती प्रणाली आहे ते आधी बघा.

आमच्या मावळात आणखी एक पर्याय कायम तयार असतो: "प्लॉट घे." खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंकने १९ किलोमीटरचं अंतर १३.३ वर येणार म्हटल्यापासून इथे प्रत्येक चहाच्या टपरीवर एक तरी जमीनतज्ज्ञ सापडतो. भाव वाढतात, नाही असं नाही. पण गुंठ्याला भाडं मिळत नाही, अडचणीत तो महिन्याभरात विकला जात नाही आणि अर्धा गुंठा विकून ईएमआय भरता येत नाही. शिवाय सात-बारावर नाव कसं लागणार, जमीन एनए आहे का, १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि त्यातले अलीकडचे बदल तुमच्या व्यवहाराला कसे लागू होतात, हे वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. कर्ज चालू असताना सगळी शिल्लक जमिनीत अडकवणं म्हणजे दोन घरं असून खिसा रिकामा.

आता करायचं काय? क्रमाने सांगतो.

पहिलं, व्याजदर तपासा. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक वेळा रेपो रेटला, जोडलेली असतात. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. तुमचा दर तेवढा उतरला का? जुन्या एमसीएलआरवर किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीकडे कर्ज असेल तर कदाचित नसेल. ३० लाखांवर ९ चे ८ टक्के झाले तर ईएमआय जवळपास १,९०० रुपयांनी कमी होतो. एक अर्ज आणि थोडी फी, एवढ्यात होणारी ही सगळ्यात स्वस्त गुंतवणूक आहे.

दुसरं, आपत्कालीन पैसा आणि टर्म व आरोग्य विमा. क्रेडिट कार्ड किंवा पर्सनल लोन असेल तर होम लोनच्या कितीतरी आधी ते संपवा.

तिसरं, उरलेल्यातून प्रीपेमेंट. फ्लोटिंग होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराकडून बँकेला दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच तो बंद केला. पैसे भरताना "मुदत कमी करा, ईएमआय नको" असं लेखी सांगा आणि नवीन शेड्यूल मागून घ्या. मोठी रक्कम नसेल तर वर्षाला एक ईएमआय जास्त भरा. वरच्या उदाहरणात तेवढ्यानेही कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्याचा फायदा जास्त, शेवटच्या चार वर्षांत फार थोडा.

चौथं, एसआयपी पूर्ण बंद करू नका. चाळिशीत कर्ज शून्य आणि गुंतवणूकही शून्य, ही काही सुखाची अवस्था नाही. घराची वीट विकून पोराची फी भरता येत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर नऊ महिन्यांचा खर्च बाजूला काढून उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग मी कर्जात भरतोय, एक तृतीयांश इंडेक्स फंडात. एक्सेल शीट म्हणते, सगळं फंडात टाकलं तर कदाचित थोडं जास्त मिळेल. पण त्या शीटमध्ये आईबाबांच्या झोपेचा कॉलम नाही. कर्जाचा आकडा खाली येताना बघून आमच्या घरात जी शांतता येते, तिच्यासाठी एखादा टक्का सोडायला मी तयार आहे. तुम्ही तयार नसाल तर तेही चूक नाही. फक्त वाचलेला पैसा खरंच गुंतवा, नाहीतर तो नव्या फोनच्या ईएमआयमध्ये जातो आणि दोन्हीकडून हात रिकामे राहतात.

आज एवढंच करा: बँकेच्या ॲपमध्ये जाऊन लोन स्टेटमेंट उघडा आणि तीन गोष्टी लिहून काढा. आत्ताचा दर, उरलेलं मुद्दल, उरलेले महिने. बऱ्याच जणांना तिसरा आकडा बघून धक्का बसेल, कारण दर वाढले तेव्हा बँकेने गुपचूप महिने वाढवलेले असतात. तिथूनच सुरुवात करा. भेटू पुढच्या भागात.