डोळस सोबत

(सावेडी येथे ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द मांडण्याची संधी दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी व्यवसायाने कापड दुकानदार, शिक्षण बी. कॉम.पर्यंत; विद्वत्तेचा दावा नाही. अंध बंधू-भगिनींना मदत करावी हे आपणां सर्वांना मान्य आहे. ती मदत कशी असावी, याचा धडा मला मार्गदर्शक श्वानांच्या प्रशिक्षणाची माहिती घेताना मिळाला. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीतील ओल्डेनबुर्ग येथे १९१६ साली अशा श्वानांची पहिली शाळा निघाली. अमेरिकेत हा विचार रुजला तो मॉरिस फ्रँक या अंध तरुणामुळे. स्वित्झर्लंडमध्ये श्वानांना शिकवणाऱ्या डोरोथी युस्टिस या बाईंचा १९२७ सालचा लेख वडिलांनी वाचून दाखवला, तेव्हा फ्रँक यांनी बाईंना पत्र लिहिले. १९२८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि 'बडी' नावाच्या कुत्रीबरोबर प्रशिक्षण घेऊन परतले. न्यूयॉर्कमधील रहदारीचा रस्ता त्यांनी पत्रकारांच्या देखत तिच्यासह ओलांडून दाखवला. १९२९ मध्ये नॅशव्हिल येथे 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली. बडी १९३८ मध्ये गेली. पुढे फ्रँक यांनी आपल्या प्रत्येक नव्या श्वानाचे नाव बडीच ठेवले. नाव तेच राहिले, पण श्वान निराळा. ओळख आणि विश्वास दर वेळी पहिल्यापासून.

आपला सर्वसाधारण समज असा की, कुत्रा अंध माणसाला नेतो आणि माणूस मागे जातो. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. कोठे जायचे, कोणत्या वळणावर वळायचे, हे माणसालाच ठाऊक असते. तो आज्ञा देतो. सिग्नलचा दिवा कुत्रा वाचत नाही. वाहनांचा आवाज ऐकून रस्ता कधी ओलांडायचा हे माणूसच ठरवतो. श्वानाचे काम वाटेतील अडथळा चुकवण्याचे, पायरीपाशी थांबण्याचे आणि डोक्याला लागेल अशा फांदीखालून धन्याला न नेण्याचे. मात्र 'पुढे चल' अशी आज्ञा मिळाली आणि समोरून गाडी येत असेल, तर तो आज्ञा मोडतो व जागीच उभा राहतो. या शिक्षणाचे शिखर ते हेच. एरवी निर्णय धन्याचा. नकार केवळ जिवावर बेतेल तेव्हा.

हे सहजासहजी साधत नाही. पिलू साधारण वर्ष-सव्वा वर्ष एखाद्या कुटुंबात वाढते, नंतर काही महिने प्रशिक्षकाकडे शिकते आणि मग माणसाशी त्याची जोडी लावली जाते. जोडी लावण्यापूर्वी काही शाळांत प्रशिक्षक स्वतःच श्वानाच्या जागी होतो. पट्ट्याचा दांडा अंध विद्यार्थ्याच्या हाती देऊन तो पुढे चालतो. त्यावरून त्या माणसाची चाल किती वेगाची आणि त्याला ओढ किती मानवते, याचा अंदाज येतो. त्यानंतर दोघांचे तीन-चार आठवडे एकत्र शिक्षण होते.

श्वानाची सेवा साधारण आठ-दहा वर्षांची. तो निवृत्त झाला की नवा येतो, आणि हा काळ फार कठीण असतो. हाताला जुन्या सोबत्याच्या ओढीची सवय. नवा थोडा वेगाने चालतो, निराळ्या जागी थांबतो. व्यापारी मंडळींना हे लवकर उमजेल. वर्षानुवर्षे पेढी सांभाळणारा मुनीम निवृत्त होतो आणि नवा गादीवर बसतो, तेव्हा तो कितीही हुशार असला तरी तिजोरीची किल्ली पहिल्या दिवशी आपण त्याच्या हाती देत नाही. येथे तर किल्ली नव्हे, जीवच सोपवायचा असतो. माणूस नव्या श्वानाला जोखतो, तसा श्वानही माणसाला जोखत असतो.

आपल्यासारख्या अहिंसा मानणाऱ्या समाजाच्या मनात एक प्रश्न येईल : मुक्या प्राण्याला असे राबवणे योग्य का? प्रश्न रास्त आहे. आजच्या चांगल्या शाळांत शाबासकी आणि खाऊ यांवर शिक्षण चालते. ज्याचा स्वभाव या कामाचा नसतो त्याला कामातून मोकळे करून चांगले घर मिळवून देतात. पट्टा उतरला की तो घरातील इतर कुत्र्यांसारखा खेळतो. तरीही त्याचे श्रम, विश्रांती आणि म्हातारपण यांची जबाबदारी घेता येत नसेल, तर त्याची सेवा घेऊ नये, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या देशात असे श्वान क्वचितच आढळतात. सावेडीतच पाहा. गुलमोहर रस्त्याने किंवा पाइपलाइन रस्त्याने चालताना मोकाट कुत्री, मधेच उभ्या केलेल्या दुचाकी, दुकानांच्या पायऱ्या आणि उघडी गटारे यांतून डोळसालाही वाट काढावी लागते. आपल्याकडे अंधांचा मुख्य आधार पांढरी काठी हाच आहे. रिचर्ड हूव्हर यांनी दुसऱ्या महायुद्धातील अंध सैनिकांसाठी लांब काठीची पद्धत १९४४ च्या सुमारास बसवली. उजवा पाय पुढे पडताना काठीचे टोक डावीकडे टेकवायचे, डावा पडताना उजवीकडे. म्हणजे पुढचे पाऊल पडण्याआधीच तेथील जमीन तपासली जाते. ही काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, छातीच्या उंचीचा सांगत नाही. ती उणीव कमी करण्यासाठी दिल्लीच्या आयआयटीने ध्वनिलहरींवर चालणारी 'स्मार्टकेन' विकसित केली. ती २०१४ मध्ये उपलब्ध झाली.

पण काठी वाटणे आणि काठी शिकवणे यांत मोठा फरक आहे. काठी वाटपाचा समारंभ एका तासात उरकतो, छायाचित्रही निघते. ती घेऊन घरापासून बसथांब्यापर्यंत एकट्याने जाण्यास मात्र जाणत्या शिक्षकाबरोबर कित्येक दिवसांचा सराव लागतो. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे की, सुवर्ण महोत्सवी निधीतून काठ्यांबरोबर शिक्षकाच्या मानधनाचीही तरतूद व्हावी. माझ्या व्यापारी बंधूंना विनंती की, दुकानापुढील चालण्याची जागा मोकळी ठेवावी. त्यासाठी पैसाही लागत नाही.

आणखी एक. दुकानात अंध ग्राहक आला की लोक त्याच्या सोबत्याला विचारतात, "यांना काय दाखवू?" प्रश्न त्यालाच विचारावा. कापडाचा पोत त्याचा हात आपल्याहून चांगला ओळखतो. रस्त्यातही त्याचा दंड धरून ओढू नये. आधी विचारावे, आणि हो म्हटल्यास आपला कोपर पुढे करावा. त्याने आपल्याला धरावे, आपण त्याला नव्हे. उद्या कोठे मार्गदर्शक श्वान कामावर दिसला, तर त्याला गोंजारू नये की खाऊ देऊ नये. त्याचे लक्ष विचलित होणे धन्याच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या परंपरेत अभयदान श्रेष्ठ मानले आहे. अंध माणसाला निर्भयपणे स्वतःच्या घरातून निघून, स्वतःच्या इच्छेच्या ठिकाणी, स्वतःच्या पायांनी जाता यावे, हेही मला अभयदानच वाटते. आपण सोबत जरूर द्यावी. वाट मात्र त्याने ठरवावी.