पायडल नरम लागलं, तर थांबा

आज बोलायचंय गाडीच्या ब्रेकवर. तुम्ही म्हणाल, हा काय बायांचा विषय? पण हळदीची पोती वसमतला न्यायची, बाळंतिणीला रात्री हिंगोलीला पोचवायची, तर आपण त्याच गाडीत बसतो ना? केंद्र सरकारनं २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना आणली, ती बचत गटातल्या बायांनी प्रवासी गाडी चालवावी म्हणूनच. चालवायची तर ब्रेक कळला पाहिजे.

आमच्या गटातली एक ताई गाडी चालवते. ती म्हणाली, ब्रेकचं पायडल नरम लागतंय, दोन-तीनदा मारलं की मग धरतं. गॅरेजवाला हसला, म्हणाला, "ताई, तुमचा पायच हलका." ती ऐकून गप्प बसली नाही. दुसऱ्या मेकॅनिकनं चाकाजवळचं निपल सैल केलं, तर तेलासोबत बुडबुडे निघाले.

ब्रेकच्या नळीत तेल असतं. पायडल दाबलं की तेल तो दाब चाकापर्यंत नेतं. तेल दाबून आकसत नाही, पण हवा आकसते. डिझेल इंजिनानं एअर धरली की ते बंद पडतं, तसंच इथं हवा धरली की पाय खाली जातो, पण चाक थांबत नाही. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ चं नवं तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की तिथं वाफ होते आणि ब्रेक जातो. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावं.

हवा काढायला दोघी लागतात. सामान थोडंच: निपलला बसणारा पाना, पारदर्शक नळी, बाटली आणि सीलबंद डब्यातलं नवं तेल. डॉट ३ की डॉट ४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, आतले रबर फुगतात.

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, चाकांना दोन्हीकडून दगड. चाक काढावं लागलं तर नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका, स्टँड लावा. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, पुस्तकात बघा.

निपलवर नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या तेलात बुडवा. एकीनं पायडल तीनदा हळू मारून दाबून धरायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "धरलं!" दुसरीनं निपल पाव फेरा सैल करायचं. तेल, बुडबुडे बाहेर येतील आणि पायडल खाली जाईल. निपल आवळून "झालं" म्हटल्यावरच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. बुडबुडे थांबेपर्यंत असंच करा. दर पाच-सहा वेळेला टाकीतलं तेल बघा, खालच्या खुणेच्या खाली जाऊ देऊ नका.

निघालेलं तेल परत घालू नका. ते विषारी आहे, पाण्याच्या बाटलीत तर ठेवूच नका, लेकरं पितील. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा.

शेवटी इंजिन चालू करून पायडल दाबून धरा. थोडं खाली जाऊन घट्ट थांबलं पाहिजे. हळूहळू खाली सरकत गेलं, किंवा कुठं तेल गळताना दिसलं, तर गाडी हलवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. एबीएस असलेल्या गाडीचं काम वर्कशॉपमध्येच द्या. सगळं ठीक असेल तर आधी मोकळ्या मैदानात हळू चालवून बघा, मगच माणसं बसवा.

पहिल्यांदा जाणकार मेकॅनिकला शेजारी उभं करून शिका. आणि पायडल नरम लागतंय असं तुमच्या पायाला कळलं, तर कुणी हसलं तरी गाडी थांबवा. त्या गाडीत आपलीच माणसं असतात.