मूल घरी सांगेल का?



२०२० साली टाळेबंदी आली, शाळा बंद झाल्या आणि आमच्यापैकी कित्येक पालकांनी हप्त्यावर मोबाईल घेतला. घेतला मुलांच्या शिक्षणासाठी. पण तो चालू करून दिला मुलांनीच. त्याचा पासवर्ड आजही अनेक घरांत त्यांनाच ठाऊक आहे. तेव्हा 'मुलांवर लक्ष ठेवा' एवढे सांगून आम्हाला मोकळे होता येणार नाही.

आठवी-नववीतल्या मुलाशी एखाद्या खेळातून किंवा इन्स्टाग्रामवरून कोणी ओळख काढतो. आपण त्याच्याच वयाचे आहोत असे भासवतो, गोड बोलून खाजगी फोटो मागतो. फोटो हाती पडला की भाषा बदलते: 'पैसे पाठव, नाहीतर तुझ्या बापाला दाखवतो.' या धमकीत जोर आहे तो बापाच्या भीतीचा. मूल घरी बोलणार नाही, या भरवशावरच त्या माणसाचा धंदा चालतो; आणि तो भरवसा आम्हीच त्याला दिलेला असतो. 'फोन हातात दिसला तर शाळा बंद करीन,' हे आमच्या घरांत मुलींना किती वेळा ऐकवले जाते! मुलग्यांना क्वचितच, हेही कबूल केले पाहिजे.

म्हणून मुलाने सांगितले, तर हात उगारू नये, फोन हिसकावू नये. आधी पूर्ण ऐकून घ्यावे. पैसे देऊ नयेत. मागणी थांबत नाही, वाढते. संदेश पुसू नयेत, तो पुरावा आहे. तो फोटो सल्ल्यासाठीसुद्धा कोणाला पाठवू नये. मुलांची अश्लील चित्रे पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य क्रमांक आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ कळवावे.

पोलीस ठाण्याची पायरी चढायला आमची माणसे कचरतात, आणि त्याला कारणेही आहेत. परंतु २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावयाचा असतो. जबाब घेणाऱ्याने त्या वेळी गणवेशात असू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मुलाची ओळख वर्तमानपत्रांपर्यंत जाऊ न देण्याची जबाबदारी पोलिसांवर आहे. हे माहीत असलेला पालक तिथे निदान मान वर करून बोलू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, अनोळखी माणसाचे संदेश बंद करण्याची सोय फोनमध्ये कुठे आहे, ते आज घरी दाखवा. वेळ लागेल, चिडू नका. आमच्या एका सभासद भगिनीने हे मुलीकडूनच शिकून घेतले. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आता गॅसवाल्याच्या नंबराखाली १०९८ आणि १९३० लिहिलेले आहेत, मुलीच्याच अक्षरात.