पेशीतला नाका आणि त्याचा साक्षीदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी या शाळेत मराठीतून विज्ञान शिकविले. तेव्हा मराठीच्या एका निवृत्त अध्यापकाने आज संतकाव्यावर न बोलता प्रयोगशाळेतील एका पदार्थावर बोलावे, हे त्यांना रुचले असते असे मला वाटते. पी ५३ नावाचे प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड हा माझा विषय आहे.

आपण सीमेवरची माणसे. नाका म्हणजे काय, हे आपल्याला कोशात पाहावे लागत नाही. निजामाच्या संस्थानात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. तो शब्द आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी संस्थान गेल्यावरही राहिला. १९५६ साली जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा एका राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद, औराद दुसऱ्यात, आणि जहीराबाद, नारायणखेड तिसऱ्यात. पेशीतही असे नाके असतात. इंग्रजीत त्यांना चेकपॉइंट म्हणतात. आमचे परिभाषाकार त्याचा ‘नियंत्रणबिंदू’ करतील, पण बिंदूपाशी कोणी थांबत नाही. नाक्यावर थांबावेच लागते.

पेशी दुभंगण्यापूर्वी आपल्या डीएनएची नक्कल करते. उन्हातील अतिनील किरणांनी, क्षकिरणांनी, तंबाखूच्या धुराने हा डीएनए दुखावतो, तुटतो. अशा वेळी पेशीला अडवून धरणाऱ्यांत पी ५३ प्रमुख. एरवी ते फार थोडे असते, कारण दुसरे एक प्रथिन त्याला सतत नष्ट करवीत असते. इजा होताच हा निचरा थांबतो, पी ५३ साठते आणि पेशीचे विभाजन रोखून धरते. दुरुस्ती झाली तर वाट मोकळी होते. इजा फार असेल तर पेशीला मरण पत्करावे लागते. हा नाका उठला की बिघडलेला डीएनए पिढ्यान् पिढ्या पुढे जातो, आणि कर्करोगाचा एक मोठा रस्ता येथूनच निघतो.

डोळ्यांना न दिसणारा हा नाकेदार सापडला तो प्रतिपिंडामुळेच. १९७९ साली काही संशोधक प्राण्यांमध्ये अर्बुदे निर्माण करणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास करीत होते. अशा प्राण्यांच्या रक्तद्रवातील प्रतिपिंडांनी विषाणूचे प्रथिन खेचून काढले, तेव्हा त्याच्या सोबत पेशीचे स्वतःचे आणखी एक प्रथिन आले. त्याचे वजन ५३ हजार डाल्टन भासले, म्हणून नाव पडले पी ५३. खरे वजन सुमारे ४४ हजार आहे! नाव चुकले ते चुकलेच, पण रूढ झाले. भाषेत असे नेहमीच घडते. त्याहून मोठी चूक गुणाची झाली. जवळजवळ दहा वर्षे या प्रथिनाला कर्करोग घडविणारे मानले गेले, कारण अभ्यासासाठी हाती आलेले नमुने बिघडलेल्या पी ५३चे होते. १९८९ साली उलगडा झाला, की तो चोर नसून पहारेकरी आहे.

१९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाईन यांनी प्रतिपिंडे घडविणारी उंदराची पेशी आणि कर्कपेशी यांचा संयोग केला. त्या जोडपेशीपासून एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तितकी मिळू लागली. कर्करोगाच्या पहारेकऱ्याला ओळखणारा साक्षीदार कर्कपेशीच्याच पोटी जन्मावा, ही गंमत मला फार आवडते. हे प्रतिपिंड काचपट्टीवरील पेशींवर घालतात आणि रंगद्रव्याची प्रक्रिया करतात; जेथे पी ५३ असेल तेथे केंद्रक तपकिरी दिसते. एखादे प्रतिपिंड केवळ बिघडलेल्या घडणीचेच पी ५३ धरते. दुसरे एखादे, इजेनंतर त्याच्या एका ठराविक जागी फॉस्फेट जडले असेल तरच चिकटते. परंतु पी ५३ मुळीच नसलेल्या पेशींवर आधी घालून पाहिल्याशिवाय साक्ष मानू नये. तेथेही रंग उमटला तर तो साक्षीदार कशालाही होकार देणारा आहे.

आता हे सारे आपल्या दारात कसे येते ते सांगतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग घडविणाऱ्या एचपीव्ही विषाणूचे ई ६ नावाचे प्रथिन पी ५३चा फडशा पाडते. नाकेदार बिघडत नाही, नाहीसाच होतो. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. विषाणूच्या डीएनएची चाचणी एकदा देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले. चाचणी न केलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. या दुसऱ्या गटाला चाचणीविना ठेवल्याबद्दल पुढे कडक टीका झाली, आणि ती मला रास्त वाटते. चौसष्ट हा आकडा वाचताना मान खाली जाते.

उमरग्याहून आळंद आणि बसवकल्याण दूर नाहीत. तिकडच्या कितीतरी सुनांची माहेरे इकडे आहेत. त्यांना ही चाचणी समजावून सांगणाऱ्या आशाताई, शिक्षिका, शिकलेल्या मुली आज या सभागृहात आहेत. आपल्याकडे ‘पिशवीचा त्रास’ या दोन शब्दांत दहा वेगळे आजार बसवतात. हे प्रतिपिंड सगळ्यांनाच चिकटते, आणि त्यापायी विनाकारण पिशव्या काढल्या जातात. ‘गर्भाशयमुख’ शुद्ध आहे, पण घरात कळणार नाही. तुम्ही ‘पिशवीचं तोंड’ म्हणा. ऐकणारी कन्नड बोलणारी असेल तर गर्भकोश म्हणून सुरुवात करा, आणि तोंड कोणते ते चित्र काढून दाखवा.