तारण हातातून निसटतं का? पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

केबिन रोडवरून रेकॉर्ड करतोय, मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर चालवून घ्या.

या आठवड्यात एका भावाचा व्हॉइस मेसेज आला. बाप्तिस्मा घेऊन चार वर्षं झाली, पण जुनी सवय सुटत नाही. पडलो की वाटतं, आता तारण गेलं. मग रात्री कबुली, रडणं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याचा प्रश्न सरळ आहे: आज रात्री मेलो तर मी कुठे जाणार?

भावा, हीच अस्वस्थता पंडिता रमाबाईंनाही होती. १८८३ साली इंग्लंडमधल्या वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या विदुषी, पुढे अमेरिकेत गेल्या, पुस्तक लिहिलं, १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बाहेरून बघितलं तर काय कमी होतं? पण १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण स्वतः ख्रिस्त मिळालेला नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या पाळकाचं आत्मचरित्र वाचून त्या हलल्या. हा माणूस स्वतःचाच उपदेश करता करता बदलला होता! मग रमाबाईंनी तारण पुढे कधीतरी मिळेल म्हणून वाट बघणं सोडलं. देव ते आत्ता देतो, म्हणून आत्ताच घेतलं.

आपल्यातले बरेच जण लोकलच्या चौथ्या सीटवर बसल्यासारखे विश्वासात बसतात. अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि सगळा जोर पायावर. भाईंदर ते चर्चगेट असं बसलेल्यांना माहितीये कंबरेचं काय होतं ते.

आता वचनाकडे या. योहान १० मध्ये प्रभू मेंढरांना सार्वकालिक जीवन देतो आणि त्यांना आपल्या हातातून कोणी हिसकावू शकत नाही असं सांगतो. पकड मेंढराची नाही, मेंढपाळाची आहे. लूक २२ पण उघडा. पेत्र तीन वेळा नाकारणार हे प्रभूला ठाऊक होतं, आणि त्याचा विश्वास ढळू नये म्हणून प्रार्थना आधीच झालेली होती. नाकारण्याच्या आधी! मला हे फार मोठं वाटतं.

सगळ्या मंडळ्या हे एकसारखं मानत नाहीत. हॉलंडमध्ये १६१८-१९ ला डॉर्टच्या सभेत यावरच जोरदार वाद झाला. मेथडिस्ट बांधव म्हणतात, माणूस विश्वास सोडूनही जाऊ शकतो. इब्री ६ चा इशारा खराच आहे, तो पुसायचा नाही. पण तो पाठ फिरवणाऱ्याला आहे, रात्री रडत परत येणाऱ्याला नाही, असं माझं मत.

"मग कसंही वागा, तारण पक्कं" असं कोणी म्हणेल. रमाबाईंकडे बघा. खात्री मिळाल्यावर त्या निवांत बसल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं.

भावा, योहानाचं पहिलं पत्र वाच. पाचच अध्याय आहेत, दादरपर्यंत होतील. आणि त्या सवयीबद्दल एकटा लढू नकोस, तुझ्या पाळकांना किंवा विश्वासातल्या एखाद्या दादाला सांग. पुढच्या भागात इब्री ६ सविस्तर घेऊ. प्रश्न पाठवत राहा.