युसुफ मेहेरअलींची मुंबई
(शिवाजी पार्क येथील भाषण)



९ ऑगस्ट १९४२ रोजी सायंकाळी याच मैदानावर गांधीजींची सभा व्हावयाची होती. पहाटेच त्यांना अटक झाली. त्यांच्या जागी बोलण्यास निघालेल्या कस्तुरबांनाही सरकारने येथवर पोहोचू दिले नाही. वक्ते बंदिवासात गेले. लोक मात्र आले. त्या वर्षी या नगरीचे महापौर होते युसुफ मेहेरअली. 'क्विट इंडिया' हे दोन शब्द त्यांनीच सुचविले, असे मानले जाते.

१९०३ साली मुंबईतील एका सधन व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण आणि पुढे कायद्याची पदवी, हा त्या वर्गाचा राजमार्ग होता. तो त्यांनीही धरला, पण ते त्यावर थांबले नाहीत. ३ फेब्रुवारी १९२८ रोजी सायमन कमिशन मुंबई बंदरात उतरले, तेव्हा 'सायमन, परत जा' ही घोषणा घेऊन तरुणांच्या अग्रभागी तेच होते. हमालांच्या वेशात धक्क्यावर गेलेल्या त्या तरुणांची हकिकत समाजवादी चळवळीत पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली.

परंतु त्याच वर्षी परळ-लालबागच्या गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगार सहा महिने संपावर होते, आणि त्या लढ्याचे नेतृत्व मुख्यतः कम्युनिस्टांकडे होते. धक्क्यावरील तरुण आणि गिरणगावातील कामगार यांच्यातील हे अंतर मिटविल्यावाचून स्वातंत्र्य अपुरे राहील, या जाणिवेतूनच १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक होते, आणि पक्षाचे पहिले अखिल भारतीय अधिवेशन त्याच वर्षी ऑक्टोबरात भरले तेही मुंबईतच.

महापौरपद हे वस्तुतः प्रतिष्ठितांचे भूषण. मेहेरअलींनी ते बंडखोराच्या हाती शोभवून दाखविले. वारंवारच्या कारावासाने प्रकृती ढासळली आणि २ जुलै १९५० रोजी, अवघ्या ४६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मुसलमान घरात जन्मलेल्या या समाजवाद्याला मुंबईने आपला प्रथम नागरिक मानले होते. १९९२-९३ च्या दंगलींनी रक्तबंबाळ झालेल्या शहराला या गोष्टीचे स्मरण देणे अगत्याचे आहे.

आज मस्जिद बंदर भागातील एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. रायगड जिल्ह्यातील तारा येथे त्यांच्या नावाचे केंद्र ग्रामीण भागात काम करते. मात्र १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले आणि ज्यांच्या श्रमावर हे शहर वाढले त्यांचीच मुले विरार-बदलापूरकडे ढकलली गेली. परक्यांना 'चालते व्हा' म्हणणारे शहर आपल्याच कष्टकऱ्यांना तेच सांगू लागले!

घोषणा दोन शब्दांची असते. तिच्यामागील संघटना घडविण्यास आयुष्ये खर्ची पडतात. ४२ साली वक्त्यांवाचून लोक या मैदानावर आले, ते अशा संघटनेच्या बळावरच. मेहेरअलींच्या प्रतिमेस हार घालून हे ऋण फिटणार नाही. चाळीत, वस्तीत आणि कारखान्याच्या फाटकावर रोज जाणाऱ्या कार्यकर्त्यालाच त्यांचे नाव घेण्याचा अधिकार आहे.