डॉक्टरकीच्या शाळेचें दार
(शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मी तुम्हांला अमेरिकेची हकीकत सांगणार आहें. त्या देशाचें व आपलें नातें जुनें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें, तें काळ्या लोकांना दास्यांतून सोडविण्यासाठीं झटलेल्या तेथील सज्जनांस अर्पण केलें होतें. गुलामी कायद्यानें गेली. पण गुलामाच्या नातवाला डॉक्टर होतां आलें काय? हा आजचा विषय.

जेम्स मॅक्यून स्मिथ नांवाचा मुलगा १८१३ सालीं न्यूयॉर्क शहरांत गुलामींत जन्मला. शिकला, हुशार निघाला, डॉक्टर होऊं म्हणाला. तेथील कॉलेजांनीं त्याची कातडी पाहिली आणि दार लावलें. तो समुद्र ओलांडून स्कॉटलंडांत ग्लासगोस गेला व १८३७ सालीं पदवी घेऊन परत आला. घरीं जो नालायक, तो परदेशीं लायक! मग नालायकी मुलाची होती, कीं दार लावणाऱ्याची?

पुढें काळ्या लोकांसाठीं वेगळीं कॉलेजें निघालीं. वॉशिंग्टनला हॉवर्डची वैद्यकशाळा १८६८ सालीं, नॅशव्हिलला मेहॅरी १८७६ सालीं. अशीं सात कॉलेजें चालूं असतां १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. त्या काळीं गोऱ्यांचीं कॉलेजेंही पुष्कळ ठिकाणीं निकृष्ट होतीं व सुधारणा हवीच होती, हें कबूल केलें पाहिजे. पण फ्लेक्सनर साहेबांनीं काळ्यांच्या सातांपैकीं दोनच राखण्याजोगीं ठरविलीं. १९२३ पर्यंत बाकीचीं पांच बंद पडलीं. तीं सुधारून चालूं ठेवलीं असतीं, तर आजवर सुमारें ३५ हजार डॉक्टर त्यांतून बाहेर पडले असते, असा हिशेब २०२० सालीं अभ्यासकांनीं मांडला आहे. गढूळ विहीर बुजविली, हें एक वेळ समजूं. पण मग आपल्या विहिरीवर त्यांना घागर भरूं द्यावयास नको होती काय? गोऱ्यांच्या बहुतेक कॉलेजांचीं दारें पुढेंही कित्येक वर्षें बंदच राहिलीं.

आतां दुसरी गंमत ऐका. काळ्या मुलांना म्हणत, तुमची तयारी कमी. मग ज्यू मुलांची तयारी तर उत्तम होती ना? पण १९२० नंतरच्या काळांत कित्येक नामांकित वैद्यकशाळांनीं ज्यूंची संख्याच बांधून टाकली. मार्क कमी तर 'योग्यता नाहीं', मार्क जास्त तर 'तुम्ही फार झालां'! गड्यांनो, असा तराजू आपण बाजारांत पाहिलेला आहे. माल घेतांना एक वजन आणि देतांना दुसरें.

दार उघडलें म्हणजे काय होतें, तेंही पाहा. फिलाडेल्फियास स्त्रियांचें एक वैद्यक कॉलेज होतें. तेथें रिबेका कोल ही काळी मुलगी १८६७ सालीं डॉक्टर झाली. आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं तेथेंच डॉक्टर झाल्या. आणि १८८९ सालीं ओमाहा या मूळ रहिवासी जमातीची सुझन ला फ्लेश तेथूनच पदवी घेऊन निघाली. ती कोठें गेली? शहरांत दवाखाना थाटावयास नव्हे. ती आपल्या लोकांत परत गेली, हजाराहून जास्त माणसांची एकटी डॉक्टरीण झाली, आणि १९१३ सालीं तिनें तेथें इस्पितळ उभें केलें. ज्याच्या घरचा माणूस डॉक्टर होतो, त्याच्या आळींत औषध पोंचतें.

आतां मुख्य खटल्याकडे येऊं. कॅलिफोर्नियांत डेव्हिस येथें सरकारी वैद्यकशाळा निघाली. १९६८ सालच्या पहिल्या पन्नास मुलांत काळा एक नाहीं, मेक्सिकन एक नाहीं. तेव्हां शाळेनें वंचितांसाठीं जागा राखल्या व पुढें त्या शंभरांत सोळा झाल्या. ॲलन बाकी नांवाच्या गोऱ्या इंजिनिअरनें १९७३ व १९७४ सालीं अर्ज केला. दोन्ही वेळां नकार आला. राखीव जागांवरच्या बहुतेकांपेक्षां त्याचे मार्क जास्त होते. तो कोर्टांत गेला. १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ठरावीक जागा राखणें बेकायदा, बाकीला घ्या. पण निवड करतांना वंश ही अनेक गोष्टींपैकीं एक म्हणून पाहिली तर चालेल.

बाकीचें दुःख खोटें होतें, असें मी म्हणणार नाहीं. मेहनत करून दारांतून परतणें काय असतें, तें आपणच जाणतों. पण त्याच शाळेंत वजनदार घराण्यांच्या मुलांसाठीं डीनसाहेब मध्यें पडत असत! खटला त्यावर झाला नाहीं. सोळा जागांवर झाला. श्रीमंताचा वशिला म्हणजे रीत आणि गरिबाची जागा म्हणजे अन्याय, हा कोणता न्याय?

पंचेचाळीस वर्षें 'अनेकांपैकीं एक' हा नियम चालला. २०२३ च्या जूनमध्यें हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तोही काढून टाकला. आशियाई वंशाच्या मुलांवर अन्याय होतो, अशी फिर्याद होती. आपल्या देशांतून तिकडे गेलेल्यांचीं मुलेंही त्यांत आलीं. निकाल वैद्यकशाळांनाही लागू आहे. २०२४ सालीं तेथील वैद्यकशाळांत नव्यानें शिरलेल्या काळ्या मुलांची संख्या आदल्या वर्षापेक्षां शेंकडा अकराहून जास्त घटली.

कोणी विचारील, कमी मार्कांचा डॉक्टर रोग्याला मारणार नाहीं काय? याचें उत्तर साधें आहे. राखीव जागा दारापाशीं असते, पदवीपाशीं नसते. आंत गेल्यावर तेंच पुस्तक, तीच परीक्षा, तोच परवाना. नापासाला वंश पास करीत नाहीं. आणि रोग्याचेंच विचारीत असाल, तर कॅलिफोर्नियांत ओकलंड येथें झालेला प्रयोग ऐका. काळ्या पुरुषांना डॉक्टर वांटून दिले, कोणास काळा, कोणास दुसरा. ज्यांना काळा डॉक्टर भेटला, ते त्याच्याशीं बोलल्यावर तपासण्या करून घेण्यास जास्त राजी झाले. विश्वास हेंही औषधच आहे. तें बाटलींत मिळत नाहीं.

मग आतां उपाय? तो पुन्हां डेव्हिसच्याच शाळेनें दाखविला. कॅलिफोर्नियांत वंश पाहण्यास १९९६ च्या जनमतानेंच बंदी झाली होती. त्या शाळेनें मुलाच्या हालअपेष्टा मोजावयास सुरुवात केली. घरची मिळकत किती, आईबाप शिकलेले कीं नाहीं, अशा गोष्टींचे गुण धरले. मजुराच्या पोराचे ऐंशी आणि सर्जनच्या पोराचे नव्वद यांत कोण जास्त चाललें, हें तिनें विचारलें. तिच्या वर्गांत पुन्हां सर्व रंगांचीं मुलें दिसूं लागलीं.

आपल्या देशानें दुसरी वाट धरली. मद्रास सरकार डॉक्टरीच्या व इंजिनिअरिंगच्या दर चौदा जागा जातवार वांटीत असे. १९५१ च्या एप्रिलांत सर्वोच्च न्यायालयानें ती वांटणी रद्द केली, आणि जूनमध्यें राज्यघटनाच दुरुस्त करून मागासलेल्यांसाठीं खास तरतूद करण्याचा अधिकार सरकारांना दिला गेला. २०२१ पासून 'नीट'च्या अखिल भारतीय जागांत इतर मागासवर्गाला शेंकडा २७ जागा मिळाल्या, आणि जानेवारी २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या कायम करतांना बजावलें कीं, योग्यता म्हणजे नुसते परीक्षेचे मार्क नव्हेत.

पण बंधूंनो, कायद्यानें दार उघडलें तरी उंबरठा आपणच ओलांडावयाचा आहे. जातीचा दाखला, पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयरचें प्रमाणपत्र हीं कामें मुलगी अकरावींत गेली कीं हातीं घ्या. निकालानंतर तहसील कचेरींत धांवणाराची जागा हुकते. मुलीला शास्त्र शिकूं द्या. आणि कोणी 'फुकटची जागा' म्हणून हिणवूं लागला, तर मान खालीं घालूं नका. त्याला विचारा, सुझनच्या जमातीचा डॉक्टर तुम्ही कां झालां नाहीं?